पाण्याला उतार

द्वारका, नवी दिल्ली
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

ती. सुनेत्राआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट खोटी लिहिली. ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, की 'मुलाबाळांसह सोप्या पायवाटा' या माझ्या पुस्तिकेत पाचव्या वाटेखाली 'पाण्यात उतरू नये' अशी ठळक सूचना होती, आणि तरीही सुजय उतरला. सूचना आज तिथे आहे. बारा तारखेला सकाळी सुजय, देविका आणि त्यांची लहानगी अनुष्का त्या वाटेनं गेले, तेव्हा ती नव्हती. तो बुडाल्याची बातमी संध्याकाळी आली. सात चाळीसला मी जुनी प्रत काढून टाकली आणि सूचना घालून नवी नेटवरच्या त्याच लिंकवर चढवली.

जुन्या प्रतीतल्या ओळी अशा होत्या: 'वाटेच्या शेवटी तळं आहे. पाण्याला उतार आहे, म्हणजे ते उथळ आहे. मुलांना पाय बुडवून खेळता येईल.'

सातपैकी सहा वाटा मी स्वतः चालले. पाचवीच्या रविवारी मला ताप होता, म्हणून ती श्रीपादकाकांच्या वहीतून घेतली. आर. के. पुरमचे हे काका तीस वर्षं अरवलीत फिरताहेत, त्यांच्यावर अविश्वास कसा ठेवणार? त्यांच्या वहीत एवढंच होतं: 'शेवटी पाणी. उतार आहे.' तो शब्द बघून मला आनंद झाला. इथे कोणाला ठाऊक नसलेला आणि तू मला शिकवलेला शब्द. त्याचा अर्थ लोकांना कळावा म्हणून 'म्हणजे ते उथळ आहे' हे मी माझ्या पदरचं घातलं. काकांना उतार म्हणजे वाटेची साधी उतरण म्हणायची होती. पुस्तिका लिंकवर चढवण्याआधी विचारलं असतं तर एका फोनचं काम होतं.

काल तेराव्याला गेले होते. देविका येईल त्याला सांगते, की उथळ लिहिलं होतं म्हणून मीच सुजयला म्हटलं, हिला पाण्यात ने. मग लोक फोन उघडून तिला माझी सूचना दाखवतात. इथल्या मराठी मंडळातल्या लतामावशी कुजबुजल्या की बिचारी शॉकमध्ये आहे. तिच्या सासूबाई कुजबुजत नाहीत. सुनेनं माझा मुलगा पाण्यात ढकलला आणि आता कागदावर ढकलते आहे, असं त्या इंदूरहून आलेल्या प्रत्येकाला ऐकवतात.

देविकानं सगळ्यांसमोर मला विचारलं, की अबोली, तूच लिहिलंस ना, काय होतं त्यात? मी म्हटलं, लिंकवर आहे तेच. ती म्हणाली, मीच चुकीचं वाचलं असेल, आणि तू जेवल्याशिवाय जाऊ नकोस. मी जेवले.

जुनी प्रत माझ्या लॅपटॉपवर आहे. हे बाबांनाही माहीत नाही. तुझा लोभ हे वाचूनही राहिला, तर तसं कळव.

तुझी,
अबोली


नाशिक
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५

चि. अबोलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदाच लाल पेन्सिल हातात न घेता वाचलं, एवढ्यावरून काय ते समज. तू लहानपणी पाटीवर एक अक्षर चुकलं तरी सगळी पाटी पुसायचीस. दादा म्हणायचा, ही पोर पुसण्यातच म्हातारी होणार. आताही तेच चाललं आहे.

शांतपणे विचार कर. पुस्तिका वाचून कोणी बुडत नाही. चाळिशीला आलेला शिकलेला माणूस, अनोळखी पाण्यात पाऊल टाकण्याआधी काठी घालून बघायला नको? गेलेला परत येणार नाही. तू बोललीस तर पोलीस तुझ्या दारात येतील, शाळेतली तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही, आणि दादाच्या छातीचं तुला माहीत आहे. देविकाला भेटत जा, तिच्या मुलीला जवळ कर. तेवढं पुष्कळ आहे.

आणखी एक. उतार म्हणजे उथळ, हे मी तुला शिकवल्याचं मला मुळीच आठवत नाही. उतार म्हणजे उतार. भलतं डोक्यात घेऊ नकोस.

तिकडची हवा बिघडली असेल, आल्याचा काढा घे. दादाला नमस्कार. लोभाचं विचारलंस, तो काय शिधापत्रिकेवर मिळतो, की यंदा बंद व्हावा?

तुझी,
सुनेत्राआत्या


द्वारका, नवी दिल्ली
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत तुझ्या १४ जून २००९ च्या पत्राची झेरॉक्स आहे. मी नऊ वर्षांची होते. दिल्लीत पोरीची मराठी वाहून जाईल म्हणून तू दर पंधरवड्याला पाच शब्द पाठवायचीस. त्यातला तिसरा बघ. तुझा दोष काढायला पाठवत नाही. मी भलतं डोक्यात घेतलं नव्हतं, एवढंच.

गेल्या रविवारी काकांना घेऊन पाचवी वाट चालले. त्यांना मी सगळं सांगितलं आहे. वाटभर ते एकच म्हणत होते, की मी 'जपून' हा एक शब्द जास्त लिहायला हवा होता. वाट सोपी आहे. चाळीस मिनिटं, दोन्हीकडे धावड्याची झाडं, अर्ध्यावर बसायला सपाट खडक, मोर. माझ्या पुस्तिकेतली बाकी प्रत्येक ओळ बरोबर निघाली. शेवटी वीस-पंचवीस पावलांचा उतार आहे आणि खाली निळंहिरवं पाणी. ते तळं नाही आत्या, दगडाची जुनी खाण आहे. नकाशावर पाहिलं होतं, म्हणून हे मला लिहितानाही ठाऊक होतं. खाण म्हटलं तर आया मुलांना आणणार नाहीत, म्हणून मी तळं लिहिलं.

काठाशी पाण्याखाली एक पायरी आहे, दोन पावलं रुंद. तिच्यावर पाणी घोट्याएवढं. तिथे उभं राहिलं, की माझं वाक्य अगदी खरं वाटतं. पुढे कडा सरळ कापलेला आहे. तू म्हणतेस तशी काठी सुजयनं घातली असती, तर ती पायरीलाच लागली असती. आम्ही दोरीला दगड बांधून सोडला. बारा मीटर दोरी संपली, दगड टेकला नाही. काका दोरी गुंडाळत बसले आणि मला म्हणाले, तू वर जाऊन बस. त्या दिवशी, देविका सांगते तसं, अनुष्का पायरीच्या काठावरून पुढे गेली तेव्हा सुजयनं तिला मागे पायरीवर ढकललं, आणि त्यात त्याचा तोल गेला. त्याला पोहता येत नव्हतं.

आता नवीन. सासूबाई अनुष्काला इंदूरला नेणार आहेत, कायमची. आईच्या हातात पोर सुरक्षित नाही, असं त्यांनी घरात ठरवलं आहे. चोवीस तारखेची तिकिटं आहेत, शाळेतून दाखला काढायला दिला आहे. देविका विरोध करत नाही. ती मला म्हणाली, ज्या बाईला चार ओळी धड वाचता येत नाहीत, तिच्याजवळ मूल कशाला ठेवायचं? आत्या, तिनं बरोबर वाचलं होतं.

आता तू मला काय सांगशील ते सांग. रागावलीस तरी आपली म्हणून रागाव.

तुझी,
अबोली


नाशिक
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. अबोलीस अनेक आशीर्वाद.

अक्षर माझंच आहे. 'नदीला उतार आहे म्हणजे पाणी उथळ आहे, चालत पलीकडे जाता येईल.' खाली मी 'वापरून पाहा' असंही लिहिलं आहे. त्या दिवशी गोदावरीकाठी बसून लिहिलं होतं. नदीचा शब्द खाणीला लागत नाही, हे लिहायचं मला सुचलं नाही. मागच्या वेळी आठवत नाही म्हटलं, तेही खरं नव्हतं. तुझं पहिलं पत्र वाचतानाच आठवलं होतं.

तू बोलावंस. पण एकटीनं नको. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन अठराला आहे, डॉक्टर दहा दिवस प्रवास नको म्हणतात. एकोणतीसला मी निघते, तीसला तिथे पोचते. आपण दोघी जाऊ. एवढं थांब. दादाला मी पत्र टाकलं आहे, तो चिडेल, चिडू दे.

मायेत कधी खाडा पडला नाही, पडणार नाही.

तुझी,
सुनेत्राआत्या


द्वारका, नवी दिल्ली
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झाल्याचा फोन बाबांना आला. हे पत्र पट्टी सुटल्यावर वाच, कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

तीसपर्यंत थांबता येणार नाही. तोवर अनुष्का इंदूरला गेलेली असेल, आणि गेलेलं मूल कोणी माझ्या शब्दावर परत आणणार नाही. जुन्या प्रतीचे चार छापील कागद काढले आहेत, प्रत्येकावर लॅपटॉपवरची तारीख दिसते. एक देविकाला, एक सासूबाईंना, एक मंडळाला. चौथा पोलीस चौकीत, तिथे श्रीपादकाका बरोबर येणार आहेत. घरात मात्र मी एकटी जाईन. मला देविकाच्या सासूबाईंसमोर म्हणायचं आहे, की हिनं बरोबर वाचलं, मी चुकीचं लिहिलं आणि मग पुसलं. हे एकच वाक्य आहे. मी ते आरशासमोर म्हणून बघते आणि दर वेळी 'पुसलं'पाशी अडखळते.

तुझी झेरॉक्स मी नेणार नाही. तो शब्द तू मला नदीसाठी दिला होतास.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी माझ्या स्कूटीत पेट्रोल भरून आणलं. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढे काय होईल ते कळवीन. ते काहीही असलं, तरी मला पाच शब्द पाठवणं बंद करू नकोस.

तुझी,
अबोली

ता. क. कधी जाणार ते लिहायचं राहिलं. वाराशिवाय तारीख अर्धी, असं तू म्हणायचीस. रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी दहा.