पायाशी लिहिलेले आकडे

गुरुजी,

तुमच्या पुस्तिकेतल्या अक्षरांच्या पायाशी असलेले बारीक आकडे मी बदलले होते. एवढं एक वाक्य तुम्ही असताना माझ्या तोंडून निघालं नाही.

जालन्याच्या शाळेत मी नवीनच लागले होते. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि तुम्ही, सगळं गणित उर्दूत शिकलेले, पन्नाशीत मराठीतून पुस्तिका लिहीत होतात. तिच्यातलं गणित असं: चार गावांचा कापूस तीन जिनिंगांत, म्हणजे सरकी काढायच्या गिरण्यांत, असा पाठवायचा की बैलांना एकूण चाल कमीत कमी पडावी. कोणत्या गावच्या किती गाड्या कोणत्या जिनिंगला, हे सांगायला एक अक्षर आणि त्याच्या पायाशी दोन आकडे, पहिला गावाचा, दुसरा जिनिंगचा. वरच्या साहेबांना पसंत पडली तर ती सगळ्या शाळांत जाणार होती. त्या आशेवर तुम्ही कोटसुद्धा धुऊन घेतला होता.

छपाईची स्टेन्सिल कोरायला तुम्ही मला कच्च्या कागदावरचा तक्ता दिलात. त्यात डावीकडच्या जिनिंगला तीन आणि उजवीकडच्या जिनिंगला एक. मला वाटलं, गुरुजींची नजर चुकली. न विचारता, मोठ्या शहाणपणानं, मी एकाचे तीन आणि तिनाचे एक केले. पुढची रीत मात्र तुम्ही स्वतः कोरली होती, तुमच्याच आकड्यांनी.

पुस्तिका परत आली. तक्ता आणि रीत जुळत नाही, असा शेरा. त्या चार गावांतल्या शहागडच्या गाड्या सगळ्यात लांबच्या जिनिंगला निघाल्या होत्या. तुम्ही शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी बसला आहात, चष्मा पुसून पुन्हा पुन्हा तक्ता बघता. तुमचं बोट उजव्या कडेपासून डावीकडे सरकतं, उर्दू वाचताना सरकायचं तसं. तेव्हा मला कळलं, तुम्ही जिनिंग उजवीकडून मोजले होते.

"तो कच्चा कागद हाये का तुमच्यापाशी? मी बराबर लिहिलं व्हतं, असं वाटून राह्यलंय."

हरवला, म्हणाले मी. नोकरी कच्ची होती, पण कारण ते नव्हतं. मला नुसती लाज वाटली.

"मंग माझंच चुकलं असंल, बाई. आता न्हाई लिहीत."

आणि खरंच लिहिलं नाहीत. फळ्यावरची साधी बेरीजसुद्धा पोरांकडून तपासून घ्यायला लागलात, मी शेजारच्या वर्गातून ऐकत राहिले. आता मी तुमच्याहून म्हातारी आहे. हे पत्र कुठं टाकणार?

कागद हरवला नव्हता, गुरुजी. तुम्ही विचारलंत तेव्हा तो माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता.