मी आणि माझी दोनशे बारा पानं

३ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. येतं वर्ष माझ्या करिअरमध्ये महत्त्वाचं ठरणार आहे, नंतर तपशील विसरायला नकोत. संकल्प: पाचला उठणे. दोन तास एआयचा कोर्स. आमच्या अष्टमी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसाला एकच मत. (कालची व्हॉइस नोट अकरा मिनिटांची झाली. विषय सेमीकंडक्टर. तिघांनी ऐकली म्हणतात.)

कंपनीत नवा एआय असिस्टंट येतोय. लोक घाबरलेत. माझं मत पहिल्यापासून स्पष्ट आहे. एआय नोकऱ्या खाईल, पण ज्यांना तो कळत नाही त्यांच्या. समीक्षा मॅडम म्हणजे आमच्या मॅनेजर. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, तरी मी मॅडम म्हणतो. त्या म्हणाल्या, बारा वर्षं घरून सॉफ्टवेअर सपोर्टला बसून जे जे शिकलात ते लिहून काढा, असिस्टंटला शिकवायचंय. सुरुवात तुमच्यापासून. टीममध्ये अकरा जण आहेत आणि सुरुवात माझ्यापासून. अर्थ उघड आहे.

४ नोव्हेंबर, सकाळी ११
नऊला उठलो. रात्री लाइट गेलेली, मच्छर. कोर्सचा व्हिडिओ चौथ्या मिनिटाला गोल गोल फिरत बसला. पुलापलीकडे रोह्यात फुल रेंज, इकडे अष्टमीत दीड काडी. आणि आपल्याला महासत्ता व्हायचंय. ग्रुपवर मत टाकलं. एकाने अंगठा दाखवला.

९ नोव्हेंबर
इकबालभाईचा मस्कतहून फोन. इकबालभाई म्हणजे रुखसारचा थोरला भाऊ, माझा मेहुणा. दरवर्षीप्रमाणे तेच. आमच्या कंपनीत स्टोअरकीपर पायजे, येतोस काय. आमच्याकडे मुलगा अठराचा झाला की आधी पासपोर्ट काढतात, मग विचारतात पुढे काय शिकणार. मी मात्र माझा पासपोर्ट संपला तेव्हा रिन्यू केला नाही. ती माझी भूमिका होती. इकबालभाईला चाळीस मिनिटं समजावलं: तेल संपत आलंय, गल्फचे दिवस गेले, आता लॅपटॉप हेच गल्फ. तो म्हणाला, बरं.

रुखसार ऐकत होती. ती रोह्यातल्या शाळेत केजीला शिकवते. तिला एआयची ताकद पटावी म्हणून डेमो दिला. तिचाच बायोडेटा घेतला, दोन मिनिटांत असा काही चकाचक करून दाखवला की तिलाच ओळखू येईना. तिने विचारलं, हा असाच कुठे पाठवला तर चालतो काय. म्हटलं, बिनधास्त.

कोर्स: उद्यापासून.

१४ नोव्हेंबर
डॉक्युमेंट पूर्ण. दोनशे बारा पानं. कुठला रिपोर्ट कधी अडकतो, कुठला साहेब कधी चिडतो, त्याला काय बोलून गार करायचं, सगळं लिहिलं. बाकीच्या दहा जणांनी दोन-दोन पानं दिली. आळशी लोक. मॅडम म्हणाल्या, “नोमान सर, इतकं डिटेल कोणीच दिलं नाही.”

संध्याकाळी पेणला हर्षदकडे. हा माझा कॉलेजचा मित्र, रामवाडीत त्याचा गणपतीचा कारखाना. त्याला अभिमानाने सगळं सांगितलं. तो एका मूर्तीला हात बसवत होता. न बघताच म्हणाला, “आमच्याकडे माणूस मूर्ती देईल, रंग देईल, जेवायला पण घालील. मूळ साचा कारखान्याबाहेर नाय जाऊ देत. तू साचा देऊन आलास.” मी त्याला ओपन सोर्स म्हणजे काय, साचा सगळ्यांना खुला करून लोक मोठे कसे होतात, ते समजावलं. जुन्या धंद्यातल्या लोकांची दृष्टी मर्यादित असते. तो म्हणाला, चहा घे.

परत येताना हायवेवर दीड तास. रस्त्यांबद्दलचं मत राखून ठेवलं, आजचा कोटा संपला होता.

२० नोव्हेंबर
असिस्टंट सुरू. मुद्दाम अवघड प्रश्न टाकला. चार सेकंदांत उत्तर, तेही माझ्याच शब्दांत. ऊर भरून आला. त्याला “शाब्बास” लिहिलं. त्याने आभार मानले. बारा वर्षांत युजरने कधी मानले नव्हते.

रोज चाळीस तक्रारी यायच्या, आज तीन. माझ्या डॉक्युमेंटमुळे क्वालिटी सुधारली असणार.

चार ते सहा रुखसारला लॅपटॉप दिला. शाळेची कसली तरी ऑनलाइन मीटिंग. इस्त्रीचा दुपट्टा घेऊन बसली होती. हल्ली शाळावाले उगाच मीटिंगा घेतात, यावर उद्या मत.

२५ नोव्हेंबर
तक्रारी: शून्य.
अमेरिकेच्या व्हिसा धोरणावर नऊ मिनिटांची व्हॉइस नोट. कोणीच ऐकली नाही. लोकांना गांभीर्य नाही.

२७ नोव्हेंबर, दुपारी ३
शून्य. मॅडमना मेसेज केला, काही काम आहे का. उत्तर नाही. दर चार मिनिटांनी माउस हलवतोय, नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा पडू नये म्हणून.

अम्मी दारात येऊन विचारून गेली, आज तुझा आवाज नाय, बरं नाय काय? बारा वर्षं या खोलीतून आवाज येतोय. मग मी हेडफोन लावला आणि मोठ्याने बोलायला लागलो. सर्व्हर रिस्टार्ट करा. नाही नाही, आधी बॅकअप. मी आहे ना, काळजी करू नका. पलीकडे कोणी नव्हतं. वीस मिनिटं बोललो. अम्मी समाधानाने चहा ठेवून गेली.

मला भीती वाटते आहे. हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. अडतीस वय. या कामाशिवाय मला दुसरं काहीच येत नाही, आणि जे येत होतं ते लिहून देऊन बसलोय.

नंतर: वरचं वाक्य उपाशीपोटी लिहिलंय. जेवल्यावर बरं वाटलं.

२ डिसेंबर
एचआरच्या बाईंचा कॉल. सात मिनिटं. त्यांचा कॅमेरा बंद, माझा चालू, वर शर्ट, खाली लुंगी. शेवटचा दिवस ३१. म्हणाल्या, तुमचं योगदान सिस्टीममध्ये कायम राहील. मी थँक यू म्हणालो. दोनदा म्हणालो. का, ते कळत नाही.

याला नोकरी गेली म्हणता येणार नाही. संक्रमण काळ म्हणता येईल. घरी सांगायची घाई नको. आधी ठोस काहीतरी हातात येऊ दे.

३ डिसेंबर
मोठ्या आवाजात कॉल: सकाळी दोन, दुपारी तीन. एकात तर मी कोणाला तरी झापलं. घसा बसला.

६ डिसेंबर
एकसष्ट ठिकाणी अर्ज केले. चव्वेचाळीस उत्तरं आली, सगळी मशीनची. एका मशीनने माझी मुलाखत घेतली. माझी सर्वांत मोठी कमतरता विचारली. म्हटलं, मी फार मनापासून काम करतो. मशीन म्हणालं, धन्यवाद, आपण आता विंडो बंद करू शकता.

ग्रुपवर मत टाकायचं होतं. विषयच सुचेना.

८ डिसेंबर
भूमिका लवचिक असावी. इकबालभाईला फोन केला. आधी तेलाचे भाव विचारले, मग हवा, मग सहज म्हणून ती स्टोअरकीपरची जागा. तो म्हणाला,

“ती भरली रे. पण व्हिसा एक येतोय तुमच्या घरी. रुखसार नाय बोलली?”

म्हटलं, बोलली ना, बोलली. फोन ठेवला आणि खोलीत जाऊन बसलो. काय करावं सुचेना, म्हणून हेडफोन लावून बोलायला लागलो. बॅकअप घेतला का, मी बघतो, माझ्यावर सोडा. रुखसार आत आली. तिने दार लावलं. माझ्या कानावरून हेडफोन काढला.

“वायफाय सकाळपासून बंद हाय,” ती म्हणाली. “काल पण बंद होता. तुमी कोणाशी बोलताव?”

मी रडलो. हे लिहून ठेवतो, कारण लपवायला आता काही राहिलं नाही. माझे कॉल खोटे आहेत हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मस्कतच्या एका शाळेत तिची केजी टीचर म्हणून निवड झाली आहे. बायोडेटा तोच, माझ्या डेमोतला. ती मीटिंग म्हणजे मुलाखत होती. मी आपणहून सांगेन म्हणून ती थांबली होती. मला फॅमिली व्हिसा मिळेल म्हणाली, आणि अम्मीलाही नंतर नेता येईल. मग विचारलं, “याल काय माझ्यासंगती?” असं विचारलं, जणू मला आणखी पाच-सहा ठिकाणांहून बोलावणी होती.

९ डिसेंबर
विचार करून कळवतो म्हणालो. विचार केला. अकरा मिनिटं. पासपोर्टचा अर्ज भरला.

२० डिसेंबर
वडखळला एजंटच्या ऑफिसात. पासपोर्ट येईपर्यंत फॉर्म तरी भरून ठेवा, असं इकबालभाईने बजावलं होतं. कॉम्प्युटरवर काशीबाई म्हणून वयस्कर बाई, एका बोटाने टाइप करतात. रुखसारचा फॉर्म दहा मिनिटांत झाला. माझा अडला. अवलंबून असलेल्या व्यक्तीचा व्यवसाय, असा रकाना. टाइप करता येत नाही, यादीतून निवडायचं. यादीत गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त. बस.

मी काशीबाईंना सांगितलं, ही डिझाइनची चूक आहे. असा फॉर्म बनवणाऱ्याने युजरचा विचारच केलेला नाही. माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग खुर्ची सरकवून म्हणाल्या, “मग तुमीच करा नीट.” मी बसलो. पाऊण तास खटपट केली. मागे सहा माणसं रांगेत. नीट झालं नाही. उठलो.

काशीबाई म्हणाल्या, विद्यार्थी म्हटलं तर शाळेचा दाखला मागतील. निवृत्त म्हटलं तर पेन्शनचा कागद. गृहिणीला कसलाच कागद लागत नाही. मी रुखसारकडे बघितलं. तिने मान डोलावली. काशीबाईंनी एका बोटाने दाबलं.

मग चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी रुखसारलाच विचारलं, “सैपाक येतो काय यांना?”

“शिकतील,” रुखसार म्हणाली.

गेल्या दीड महिन्यात माझ्याबद्दल इतक्या खात्रीने कोणी बोललं नव्हतं. मी हो म्हणालो आणि दाखवतील तिथे सही केली.