राउटरची जेवणाची सुट्टी

खारघर, सोमवार

प्रिय जयप्रकाशराव यांस,

सप्रेम जय भीम. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? तुमची यार्डातली रात्रपाळी संपली असेल अशी आशा करतो. इकडे माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. (म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण तुमची बहीण गिरजाबाई शेजारच्याच खोलीत आहे आणि तिचे कान तुम्हाला ठाऊक आहेत.)

झालं असं, की आमचं वायफाय फार हळू चालू लागलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की शेजारचा कुंदन आमच्याच वायफायवर क्रिकेट बघतो. गिरजाबाईने कढीपत्त्याच्या बदल्यात त्याच्या आईला पासवर्ड देऊन टाकला होता. नुसता पासवर्ड बदलला असता तरी भागलं असतं, असं आमची लेक संघप्रिया तेव्हाच म्हणाली होती. पण राउटरच्या पानावर दोन दारं होती, 'बेसिक' आणि 'ॲडव्हान्स्ड'. सगळी नोकरी कारकुनीत गेलेल्या माणसाने निवृत्तीनंतरही बेसिकच उघडायचं का? मी ॲडव्हान्स्ड उघडलं. काय तो थाट! चॅनेल, फिल्टर, फायरवॉल. एकाचाही अर्थ लागेना, म्हणजे नक्कीच अधिकाऱ्यांचं खातं. (आमच्या साहेबांच्या फायली अशाच असायच्या, आणि त्या साहेबांनाही कळत नसत.)

एकच गोष्ट ओळखीची निघाली: वेळापत्रक. वायफाय कधी चालू, कधी बंद, हे आपण ठरवायचं. राउटरला हात लावून पाहिला तर चांगलाच तापलेला. बिचारा अखंड राबतो, ना रजा ना हजेरीपट. जयप्रकाशराव, माझ्यातला कर्मचारी गलबलला. परवा रात्री मी त्याला रोज दुपारची जेवणाची सुट्टी मंजूर केली, सेव्ह दाबलं आणि विसरून गेलो.

काल दुपारी तुम्ही सुचवलेल्या लातूरच्या मंडळींशी व्हिडिओ कॉल होता. मुलगा प्रितम समजूतदार वाटला. संघप्रियाला तो आवडल्याचं तिच्या तोंडावरून कळत होतं. त्याचे वडील अरविंदराव खाकरले आणि लग्नानंतर नोकरीचं काय, असं त्यांनी विचारलं. संघप्रिया म्हणाली, "काका, नोकरी मी सोडणार नाय. आत्ताच सांगते, मागून टेन्शन नको." अरविंदरावांनी उत्तराला तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच आमचा राउटर जेवायला गेला. उघड्या तोंडाचे अरविंदराव थोडा वेळ पडद्यावर राहिले, मग तेही गेले. मी धावलो, पण वायफायच बंद, तर वायफायची सेटिंग उघडायची कशावर? सुट्टी संपल्यावर ते आपोआप सुरू झालं, त्यामुळे घरात माझ्यावर संशय आहे, पुरावा नाही.

संघप्रियाने 'नेट गेलं होतं' असा मेसेज टाकला. तो कालपासून एका टिकवर अडकला आहे. आणि नेट गेलं हे कारण आजकाल खरं मानतं कोण? ऑफिसात आम्हीच लोकांना इतकी वर्षं 'सर्व्हर डाउन' सांगत आलो. फोन लावावा, तर मुलीकडचे घायकुतीला आलेले दिसतात, असं गिरजाबाईचं मत. पोरगी वरवर हसते, पण सारखा फोन उचलून बघते. मला ते बघवत नाही.

बाकी ठीक. वहिनींना आणि मुलांना जय भीम.

तुमचा,
रावसाहेब

ता. क. खारघरची लाइट गेली होती, असं तुम्ही लातूरला कळवा. तुम्ही मध्यस्थ, तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो आणि अरविंदरावांचा फोन आला. बिचारे माफी मागत होते! कॉल आपल्याकडूनच तुटला असं समजून त्यांनी दुरुस्तीसाठी त्यांच्या राउटरचं 'ॲडव्हान्स्ड' उघडलं, आणि होतं नव्हतं तेही बंद पडलं. घरात मोबाइलला रेंज नाही, शेवटी गच्चीवर चढून बोलत होते. स्थळ पसंत असल्याचं सांगितलं, आणि काल तोंड कशाला उघडलं होतं, तेही: "नोकरी कशाला सोडायची गं पोरी?" संघप्रिया आत जाऊन रडली. मीही थोडा रडलो. मग मी अरविंदरावांना मोठ्या मनाने माफ केलं, आणि साखरपुड्याला येताना त्यांचा राउटर सोबत आणायला सांगितलं, मी बघून देतो. गिरजाबाई पुन्हा माझ्याशी बोलू लागली आहे. तेव्हा लाइटचं काही कळवू नका आणि हे पत्र फाडून टाका.

शेवटचं. साखरपुडा दुपारचा ठरू देऊ नका, काहीही कारण सांगा. प्रितमची पुण्याची आत्या व्हिडिओवर बघणार आहे, आणि मंजूर केलेली सुट्टी रद्द कुठून करायची, ते मला अजून सापडलेलं नाही.