पाच वर्षांनंतरची मनस्वी

पुणे, २ डिसेंबर २०२५

ती. सौ. पुतळाआत्यास,
सा. न. वि. वि.

घरी, करावे गावाला, फोन केला की बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि अख्खी आळी ऐकते, म्हणून तुला हे पत्र. एमबीएच्या अर्जात निबंध लिहायचाय : शिकून काय करणार, पाच वर्षांनी कुठे असणार? क्लासच्या सरांनी सांगितलं, लंडनची सल्लागार कंपनी लिही, वजन पडतं. लिहिलं. बाबांना फोनवर सांगितलंही. मग वाचून बघितलं, तर त्यात मी कुठेच नव्हते गं!

मला गावी परत यायचंय. आधी दोन वर्षं कोल्ड स्टोरेजच्या कंपनीत नोकरी, मग गावातल्या बायांना घेऊन आपलीच कंपनी. आपल्या खाडीच्या चिंबोऱ्या, कोळंबी साफ करून शेजारच्या सीवूड्सच्या टॉवरांमध्ये पोचवायची. पण पोरीने चिखल तुडवू नये म्हणून तर बाबांनी होडी विकून मला शिकवलं. हे ऐकून ते खचतील. पंधरा तारखेला अर्ज बंद होतोय. काय करू?

लोभ आहेच, त्याच्यासोबत थोडे सुके बोंबीलही येऊ देत.

तुझी,
मनस्वी

जुईनगर, ५ डिसेंबर

चि. मनस्वीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

अगं बये, हसू की रडू? तुझ्या बापाने नाक्यावर बॅनर लावलाय! गॉगलवाला तुझा फोटो आणि खाली हे एवढ्या अक्षरांत, ‘भावी सीईओ, लंडन. प्रवेशाबद्दल हार्दिक अभिनंदन.’ अजून अर्जसुद्धा गेला नाही म्हणून मी ओरडले, तर म्हणतो, शेजारच्या लग्नाच्या हळदीचे बॅनर छापायला गेलो होतो, त्यातच तुझाही उरकला. आता बोला!

तू टेन्शन घेऊ नको. खोटं लिहून गेलीस तर दोन वर्षं खोट्याच्याच मागे धावशील. मनातलं लिही आणि आधी बापाला पाठव. मी मधे पडणार नाही. बोंबील पाठवलेत, हॉस्टेलात तळू नको, हाकलतील.

माया आहे तशीच राहू दे.
आत्या

पुणे, ८ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न.

निबंध मराठीत करून सोबत पाठवतेय. त्यात लंडन नाही, आपलं गाव आहे. तुम्ही किती मिरवलंत ते आत्याने कळवलं, म्हणून हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. नको म्हणालात तर सरांचाच निबंध पाठवीन. पण रागावून गप्प बसू नका बाबा, ते मला सोसत नाही.

तुमचीच,
मनू

करावे, ११ डिसेंबर

चि. मनूस,
बाबाचा आशीर्वाद. इकडं सगली बरी हाईत.

तुझा कागद आईकडून वाचून घेतला. चश्मा सापडत नाय असं तिला सांगितलं, पन खरं म्हंजे पयल्याच ओलीला डोले भरले होते. कोलंबी सोलनाऱ्या गोजराकाकीला विचारलं. ती तुझ्या कंपनीत यायला तयार हाय, पन मॅडम होऊन वरच्या आवाजात बोलायचं नाय म्हनते.

लंडन लंडन करून गावभर मीच नाचलो. पन जेवायला बसलो की घास उतरत नव्हता. आपल्यातलं जे शिकून गेलं ते परत कदी आलं नाय. तू बी जानार, मग रडत कशाला, वाजतगाजत पाठवू म्हटलं. पोरी, परत येन्यासाठी बी कोन शिकायला जातं, हे मला ठावंच नव्हतं.

पाठव अर्ज. आता खुशाल जा.

तुझा,
बाबा