नवव्या नंबरवरची हायून

ऋजुता,

कुकरमध्ये वरण-भात आहे, भाजी तुझी तू कर. मी सिनिअर सेंटरला जातेय. तुझ्या मैत्रिणीची, प्रीताची आई राइड देणार आहे.

त्या कोरियन मुलींच्या गाण्याच्या स्पर्धेचा काल आलेला भाग आज आपण जोडीनं बघायचा, असं ठरलं होतं. कुणी निकाल फोडेल म्हणून मी काल दिवसभर फोन उघडला नाही. पुण्याहून ताईचा व्हिडिओ कॉल आला, तोही घेतला नाही. आज उघडला, तर प्रीताच्या स्टेटसवर तुम्ही दोघी तिच्या सोफ्यावर, समोर टीव्हीवर तोच भाग, आणि खाली लिहिलंय, ‘सासूबाईंना सांगू नका.’ मला तर म्हणालीस, ऑफिसात मीटिंग आहे.

आठवड्यातून तेवढा दीड तास तू माझ्याशेजारी बसतेस.

असो. तुझी लाडकी हायून नवव्या नंबरवर आहे आणि ग्रुपमध्ये नऊच मुली घेणार. माझ्या हास्यक्लबातल्या सत्तावीस जणींनी मत द्यायचं ॲप घेतलंय, सुनांच्या फोनवरसुद्धा. फायनलपर्यंत त्या रोज दहाव्या नंबरच्या मुलीला मत देणार आहेत. प्रीताच्या आईचं मत मी आज गाडीतच टाकून घेते. आणि नवऱ्याकडे रडगाणं गाऊ नकोस, पहिलं मत त्याच्याच फोनवरून गेलंय.

फायनल मात्र आपण दोघींनीच बघायची. हायून बाहेर पडेल तेव्हा मला टीव्ही नाही, तुझा चेहरा बघायचाय.

आई