दाबलेली काच

पवनार, रविवार संध्याकाळ, मार्च १९७७

भाऊराव तुरुंगातून सुटून आला. हसणं तेच, पण आमच्या बैठकीत सगळे सतरंजीवर असताना तो खुर्चीवर बसला. आणीबाणीत त्याला पकडून देणाऱ्या पुढाऱ्याचं नाव उद्या वडनेरच्या सभेत मी घेऊ नये म्हणाला. "काऊन घेतं बाप्पा? पुरे झालं नं आता."

विज्ञान शिकवणारा पुतण्या म्हणतो, काच सगळीकडून प्रचंड दाबली तर आतले अणू दाटीने बसतात. दाब काढल्यावरही पुरते जागेवर येत नाहीत. वरून काच तशीच दिसते.

भाऊरावाचं असंच झालं का? पण ती खुर्ची... ती आणून ठेवली कोणी? मीच.

उद्या नाव घेईन. घेताना माझा आवाज दबला, तर समजेन, तुरुंगाबाहेर राहूनही मी पूर्वीचा उरलो नाही.