भेटीच्या खोलीतल्या पडद्यावरची खालची बारा बटणे

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : तळमजल्यावरील भेटीच्या खोलीतील संगणकावर रुग्णांच्या नावांची बटणे वर-खाली सरकवून पाहता येतील अशी सोय करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, दि. ४ सप्टेंबर.
२) आपल्या कार्यालयाचे उत्तर, दि. २७ सप्टेंबर.

सोबत : आपल्या उत्तराची प्रत, पडद्याचे मी हाताने काढलेले चित्र, लाकडी नमुना एक.

महोदय,

१. थोरल्या नातीचे लग्न झाले त्या वर्षी मी अक्षरे शिकलो. माझे वय तेव्हा बासष्ट होते. लग्नपत्रिकेवर माझे नाव छापलेले होते आणि ते कुठे आहे हे मला व्याह्यांना विचारावे लागले. पत्नीने ते पाहिले. पाहुणे पांगल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या कामातल्या उरलेल्या फळ्यांवर खडूने अक्षरे काढून समोर ठेवली. ती स्वतः चौथी शिकलेली. "हात चांगला आहे तुमचा, डोकंच तेवढं ठोंब आहे," असे म्हणत म्हणत तिने दीड वर्षात मला वाचायला आणि लिहायला शिकवले. मी सुतार आहे. हा अर्ज मी कोणाकडून लिहून घेतलेला नाही, तरी चूकभूल पदरात घ्यावी.

२. यंदा १४ ऑगस्ट रोजी पत्नीला छातीच्या आजारासाठी आपल्या रुग्णालयात दाखल केले. त्या कक्षात नातेवाइकांना सोडत नाहीत. त्याऐवजी तळमजल्यावर एका खोलीत संगणक ठेवला आहे. रोज चार ते पाच या वेळात रांगेने जायचे, पडद्यावर आपल्या माणसाच्या नावाचे बटण शोधून दाबायचे, की खाटेवरचे माणूस समोर दिसते आणि बोलता येते. सोय चांगली आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

३. पहिले दोन दिवस तिथे नोंदवही लिहिणाऱ्या ताईंनी मला बटण दाबून दिले. मी बटणाकडे पाहिलेच नाही, चित्र कधी उमटते इकडेच माझे डोळे होते. पहिल्या दिवशी पत्नी म्हणाली, "दाढी केवढी वाढलीय! घरातला आरसा फुटला का?" दुसऱ्या दिवशी ताईंनी बटण दाबल्याचे तिच्या लक्षात आले. तेव्हा ती म्हणाली, "उद्यापासून कुणाला विचारायचं नाही हं. स्वतः वाचून दाबा. दीड वर्ष काय मी गवत उपटलं?" मी कबूल केले. ताईसुद्धा हसल्या.

४. दि. १७ रोजी सकाळी तिला खाट क्रमांक नऊवरून सत्तावीसवर हलवण्यात आले. हे मला पुढे कळले. बटणे खाटांच्या क्रमाने लावलेली आहेत. खाटा छत्तीस आहेत, परंतु भेटीच्या खोलीतला पडदा लहान असल्यामुळे त्यावर चोवीसच बटणे मावतात. उरलेली बारा पडद्याच्या खालच्या कडेखाली राहतात. ती वर आणता येत नाहीत, आणि खाली आणखी काही आहे हे कळायलाही काही खूण नाही. चोविसावे बटण संपते आणि पडदा संपतो.

५. मी त्या दिवशी चोवीस नावे बोट ठेवून वाचली. दुसऱ्यांदा वाचली. तिचे नाव सापडले नाही. छापील अक्षरे फळ्यांवरच्या अक्षरांपेक्षा वेगळी दिसतात, त्यामुळे मला वाटले, नाव आहे, माझ्याच वाचण्यात येत नाही. मागून एक गृहस्थ म्हणाले, "आजोबा, आमचंही माणूस आहे हो आत." ताईंनी विचारले, "काका, झालं का बोलणं?" मी "हो, झालं" म्हणालो आणि बाहेर पडलो. साठ वर्षे मी लोकांना 'जरा वाचून देता का' असे विचारत आलो होतो. तिला शब्द दिल्यावर तेच पुन्हा विचारायला माझी जीभ उचलली नाही. दि. १८ रोजी तेच झाले. त्या रात्री मी शेजाऱ्यांकडचे वर्तमानपत्र आणून मोठ्याने वाचून पाहिले. वाचता येत होते. दि. १९ रोजी मी चष्मा पुसून गेलो, आणि पुन्हा तेच. तिन्ही दिवशी मी ताईंना "झालं बोलणं" असेच सांगितले.

६. दि. २० रोजी मी पडद्यासमोर उभा असताना फरशी पुसणाऱ्या मावशींनी विचारले, "काका, किती नंबरची खाट?" मी नऊ सांगितले. त्या म्हणाल्या, "मग नाव का नाही? हलवलं असेल. चोविसाच्या पुढची इथे दिसतच नाहीत हो. वर कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर दिसतात." त्यांनी बादली तिथेच सोडून मला वर नेले. तिथे खालून तिसऱ्या ओळीत तिचे नाव होते. मला ते लांबूनच वाचता आले. वाचायला काहीसुद्धा अवघड नव्हते. मी बटण दाबले. पडद्यावर खाट दिसली. दोन परिचारिका चादर बदलत होत्या.

७. आपल्या उत्तरात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. पहिली अशी की, छत्तीसही बटणे तपासली असून सर्व चालू स्थितीत आहेत. हे खरे आहे. संगणक विभागातील साहेबांनी मला आपला पडदा दाखवून सांगितले, "आजोबा, माझ्याकडे तर सगळी दिसतात." त्यांचा पडदा दारासारखा मोठा आहे. दुसरी गोष्ट अशी की, नोंदवहीप्रमाणे दि. १७, १८ व १९ रोजी रुग्णाची पतीशी भेट झालेली आहे. ही नोंद माझ्या खोटे बोलण्यावरून झाली आहे. त्यात ताईंचा दोष नाही. त्या तीन भेटी झालेल्या नाहीत. कृपया त्या खोडाव्यात, मी सही करायला येईन.

८. सरकती बटणे करणे कठीण आहे असे मला सांगण्यात आले, म्हणून मी नमुना करून सोबत जोडला आहे. एका चौकटीत छत्तीस पट्ट्या ओवल्या आहेत. चोवीस दिसतात. बोटाने वर लोटले की खालच्या बारा वर येतात आणि वरच्या आत जातात. उजव्या कडेला खाच पाडून तीत एक खुंटी बसवली आहे. पट्ट्या वर सरकतात तशी ती खाली सरकते. खुंटी वर असेल तर पाहणाऱ्याला कळते की खाली अजून आहे. माझे खरे मागणे या खुंटीचेच आहे. सरकण्याची सोय झाली आणि ती दिसली नाही, तर माझ्यासारखा माणूस पुन्हा चोविसाव्या नावावरच थांबेल.

९. हे लगेच होत नसल्यास पडद्याखाली 'खाली अजून नावे आहेत' अशी पाटी लावावी. पाटी मी करून देतो. पाटीस मंजुरी लागत असल्यास, मंजुरी येईपर्यंत मला रोज चार ते पाच त्या खोलीत स्टुलावर बसू द्यावे, म्हणजे मी प्रत्येकाला तोंडाने सांगेन. स्टूल माझे मी आणेन. तेही नियमात बसत नसल्यास पंचवीस ते छत्तीस या खाटांवर कोणालाही ठेवू नये. ठेवावेच लागले, तर ज्यांच्या घरच्यांना विचारायची लाज वाटत नाही अशांनाच ठेवावे. ही मागणी बरोबर नाही हे मला समजते. तरी लिहिली आहे.

१०. गेल्या आठवड्यात त्या कक्षातील वयस्क परिचारिका मला बसथांब्यावर भेटल्या. त्यांनी सांगितले की, त्या तिन्ही दिवशी पत्नी पावणेचारलाच उशी पाठीला घेऊन, केस सारखे करून पडद्याकडे तोंड करून बसत असे. पाच वाजून गेले तरी आडवी होत नसे. परिचारिका तिला म्हणाल्या, "आजी, आज यायचे नसतील ते." त्यावर ती म्हणाली, "आलेत ते. खाली उभे आहेत. वाचायला वेळ लागतो त्यांना."

११. माझी पत्नी, वय चौसष्ट, खाट क्रमांक सत्तावीस, दि. २० ऑगस्ट रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वारली.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
मयत रुग्णाचा पती, सुतार
दिनांक : ३ नोव्हेंबर